हात खाली करा, काय समजलं ते सांगा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. निवेदिताताई; प्रमुख पाहुणे, माजी सरपंच आदरणीय दीनानाथराव; आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांचं पूर्ण नाव श्रीमती बेबीनंदा खरात आहे हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना पत्रिका हातात पडल्यावर कळलं, त्या आपल्या खरात सिस्टर; रुग्णालयाचा सर्व कर्मचारी वर्ग; समोर बसलेल्या माय-माउल्यांनो, बंधूंनो, आणि ज्यांच्या साखरेमुळे आपण सगळे एकमेकांना भेटलो त्या बालगोपाळांनो, सर्वांना जयभीम, नमस्कार.

मी पुंजाराम साळवे. वडीगोद्रीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर आहे. सूत्रसंचालिकेने मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांत आमची हजेरीसुद्धा होत नाही. पण सूत्रसंचालिका माझीच मुलगी प्रीती आहे, त्यामुळे जास्त बोललो तर घरी जाऊन काय ऐकावं लागेल याची पुरेपूर कल्पना ठेवून मी उभा आहे.

सिस्टरांच्या एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल आधीचे वक्ते बोलले, फार सुंदर बोलले. मी फक्त त्या सेवेबद्दल बोलतो जी सेवापुस्तकात कुठेच लिहिलेली नाही. ती म्हणजे आपला 'परत सांगा' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ज्या घरातल्या लेकराला टाइप वनची साखर आहे, म्हणजे रोज इन्सुलिनची सुई घेतल्याशिवाय भागत नाही, अशी एकशे त्रेसष्ट घरं आज या ग्रुपवर आहेत. तीर्थपुरीची आहेत, अंबडची आहेत, पार भोकरदनची आहेत.

पाहुण्यांसाठी सांगतो. दीनानाथराव, तुमच्या ग्रुपवर कुणी काही टाकलं की लोक काय करतात? अंगठा दाखवतात, नाहीतर हात जोडतात. आमच्या ग्रुपवर या दोन्हींना सक्त मनाई आहे. सिस्टरांनी काही सांगितलं की आपल्याला काय समजलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवायचं. गेल्या महिन्यात एक नवे पालक आले, सुशिक्षित माणूस, बिचाऱ्यांनी सवयीनं हात जोडले. दोन मिनिटांत आमच्या पुष्पाबाईंचा आवाज आला, "ओ भाऊ, हात खाली करा. काय समजलं ते सांगा जल्दी." पुष्पाबाई तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत. त्यांच्या नातवाला साखर आहे. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, आणि ग्रुपवर सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच असतात. माझ्या चाळीस विद्यार्थ्यांत असा एक जरी असता तर मी धन्य झालो असतो.

आणि मग ती वही. शंभर पानी, निळ्या कव्हराची. डॉक्टर मंडळी घाईत असतात, वॉर्डात चाळीस पेशंट असतात, ती अक्षरं कापूनच लिहिणार. त्याबद्दल सिस्टरांची तक्रार नाही, त्यांनी स्वतः जन्मभर तसंच लिहिलं. पण त्या म्हणतात, "घाई दवाखान्यात हाय. घरी कशाची घाई? घरी पूर्ण वाचायचं." म्हणून प्रत्येक आखूड अक्षर या वहीत उतरलं, आणि समोर अर्थ लिहिला तो पुस्तकातला नाही, ज्याला तो समजला त्याच्या तोंडचा. नमुने वाचतो. एसओएस: लागलं तरच, रोज न्हाई. एचएस: अंथरुणावर पडायच्या टायमाला. एनएडी: तपासलं, वावगं काही दिसलं न्हाई, घाबरू नका. एनबीएम: तोंडानं काहीच न्हाई, पाणी न्हाई, आणि भगर, साबुदाणा, शेंगदाण्याची आमटी बिलकुल न्हाई. हे शेवटचं कुणामुळे लिहावं लागलं ते मी सांगणार नाही, पण ते गृहस्थ आत्ता खाली मान घालून हसत आहेत.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता थोडं मागं जातो.

या ग्रुपला हा नियम का लागला? नवं घर ग्रुपवर आलं की सिस्टर एक गोष्ट सांगतात. "आपल्यात एक शहाणा पालक होता. त्याला काही समजलं नव्हतं, पण त्यानं समजलं म्हणून सांगितलं." एवढीच गोष्ट. नाव नाही, गाव नाही. एकदा आम्ही दवाखान्यात जमलो होतो तेव्हा या गोष्टीवर पुष्पाबाई माझ्या शेजारी बसून म्हणाल्या होत्या, "कुठलं येडं होतं ते, बाई!" सगळे हसले. मीही हसलो.

पुष्पाबाई, ते येडं मी होतो.

हो. सहा वर्षं झाली. प्रीती अकरा वर्षांची होती. साखर निघून चार महिने झाले होते. तेव्हा सिस्टरांचा ग्रुप होता सहा घरांचा. रोज सकाळी लेकराच्या साखरेचा आकडा टाकायचा, एवढंच काम. मला ते फार लहान वाटायचं. मी मास्तर. मी मोबाइलवर एक मोठा ग्रुप शोधला, पुण्या-नागपूरकडचे हजारो पालक असलेला. तिथं एकेकाच्या नावापुढे अक्षरं असायची: डीएक्स, एमडीआय, सीजीएम. मला वाटलं, या सगळ्या डॉक्टर लोकांच्या पदव्या आहेत. मी प्रत्येकाला 'डॉक्टरसाहेब' लिहायचो आणि कुणी मला दुरुस्त करायचं नाही! पुढे कळलं की डीएक्स म्हणजे आजार कधी निघाला ते, एमडीआय म्हणजे दिवसातून किती तरी सुया, आणि सीजीएम म्हणजे दंडावर चिकटवायचं साखर मोजायचं यंत्र. ज्यांना मी सगळ्यात मोठे डॉक्टर समजत होतो त्यांचं नाशकात मोबाइलचं दुकान होतं. माणूस मात्र देवमाणूस, आजही फोन करतात.

तर त्या दिवसांत प्रीतीला ताप आला. उलट्या सुरू झाल्या, अन्न टिकेना. मी त्या मोठ्या ग्रुपवर विचारलं. नाशिकच्या भाऊंनी लगेच, मनापासून उत्तर दिलं. ते मला आजही पाठ आहे. 'सिक डे रूल. बेसल कंटिन्यू. आरबीएस क्यू टू एच. कीटोन पॉझिटिव्ह तर आर ओ डीकेए.' एवढ्या उत्तरात मला ओळखीचे शब्द दोनच, 'रूल' आणि 'कंटिन्यू'. विचारायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. पण समोर सगळे डॉक्टर, आणि मी बावीस वर्षं मुलांना शिकवून राह्यलेला माणूस. मी लिहिलं, 'समजलं, खूप धन्यवाद,' आणि हात जोडले.

वर्गात मी दिवसातून चाळीस वेळा विचारतो, समजलं का? चाळीस माना हलतात. त्यातल्या किती खोट्या असतात हे मला हलतानाच दिसतं. पण त्या दिवशी माझीच मान हलत होती, ती मला दिसली नाही.

मी मनाशी अर्थ लावला: कंटिन्यू, म्हणजे जे चाललंय ते चालू द्या. आणि काय चाललं होतं? पोरगी जेवतच नाही, तर सुई कशाला, असा विचार करून आदल्या दिवसापासून मी सुई बंद केली होती. तेच मी कंटिन्यू केलं.

दुपारी सिस्टरांचा फोन आला. का आला? तर आमच्या लहान ग्रुपवर सकाळचा आकडा पडला नव्हता. सहा घरांतलं एक घर गप्प होतं, ते त्यांच्या लक्षात आलं.

मी म्हणालो, "थोडा ताप आहे सिस्टर. मोठ्या लोकांना विचारलंय. सगळं समजलंय."

"काय समजलं?"

"कंटिन्यू करायचं."

"काय कंटिन्यू करायचं?"

"तेच... जे चाललंय ते."

"गुरुजी, कालपासून सुई किती वेळा दिली?"

"जेवलीच न्हाई तर मंग..."

माझं वाक्य पुरं झालं नाही. त्या म्हणाल्या, "लेकरू जेवो का न जेवो, ती सुई बंद करायची नसती. कंटिन्यू म्हंजे तीच सुई चालू ठेवायची. निघा जल्दी. मी दारातच उभी राह्यते."

आणि त्या खरंच दारात उभ्या होत्या. प्रीतीला सलाइन लावून त्या स्वतः अँब्युलन्समध्ये बसल्या, जालन्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत तिचा हात सोडला नाही. पुढे वहीत त्या मेसेजचा अर्थ उतरला: रोजची सुई चालू ठेवा, दर दोन तासांनी साखर बघा, कीटोन निघालं तर डीकेए नाही ना ते लगेच तपासा. ते डीकेए, म्हणजे इन्सुलिनवाचून रक्तात आम्ल साचणं, माझ्या पोरीला झालं होतं. तीन दिवस. त्या तीन दिवसांबद्दल मी काही बोलू शकत नाही, माफ करा.

तिसऱ्या दिवशी प्रीती उठून बसली. आणि आता जे सांगतो, ते या सभागृहात फक्त सिस्टरांना माहीत आहे. प्रीती, तुला यातलं अर्धंच माहीत आहे.

आजाराच्या दोन दिवस आधी ती मैत्रिणीच्या, अक्षताच्या घरच्यांबरोबर राजूरला गेल्ती. गणपतीचे दोन पेढे तिनं गुपचूप खाल्ले होते. उठून बसल्यावर पहिलं वाक्य ती मला काय म्हणाली असेल? "पप्पा, मी दोन पेढे खाल्ले होते, म्हणून झालं. परत न्हाई खाणार."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की बाळा, पेढ्यांनी असं होत नाही, ताप आला होता आणि तुझ्या बापानं सुई बंद केली. मी म्हणालो, "असू दे."

एवढंच. असू दे. आणि तिनं ते धरून ठेवलं. सहा वर्षांत तिनं पेढा तोंडात घातला नाही. निवेदिताताईंनी स्वतः सांगितलं, सुईचा अंदाज घेऊन खाल्लास तर चालतो, तरी नाही. दहावीला सत्त्याऐंशी टक्के पडले, सगळ्या गल्लीत पेढे वाटले, वाटणारी ही आणि तोंडात काही नाही. शेजारीण म्हणाली, केवढी शिस्तीची पोरगी! मी आतल्या खोलीत जाऊन बसलो.

सिस्टर दरवर्षी विचारायच्या, "गुरुजी, पोरीला सांगितलं का?" मी काय करायचो? हात जोडायचो. दुसरं काही यायचंच नाही मला.

सेवानिवृत्तीची तारीख ठरली तशी त्यांनी निळी वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, आता ग्रुप तुम्ही सांभाळा. मी दोनदा नाही म्हणालो. सगळ्यांना वाटलं, गुरुजी विनयानं नाही म्हणून राह्यलेत. विनय कसला हो! ज्या ग्रुपचा एकुलता एक नियम माझ्या खोटेपणातून निघाला, तो मी कोणत्या तोंडानं सांभाळू? तिसऱ्यांदा सिस्टर म्हणाल्या, "आधी ते सांगा, मंग वही घ्या. आणि न्हाई सांगितलं तर वही पुष्पाबाईला देते." पुष्पाबाईंना वही मिळाली असती तर ग्रुपचं भलंच झालं असतं, पण आम्हा बाकीच्यांचं काही खरं नव्हतं.

सिस्टर, मी सांगितलं. जरा गर्दीत सांगितलं, कारण एकट्यानं एकटीला सांगायचं धाडस सहा वर्षांत झालं नाही. माझी लेक आज जिवंत आहे, माइक हातात घेऊन बापाला पाच मिनिटं देते आहे, ती तुमच्यामुळे. तुम्ही एका न आलेल्या आकड्याकडे लक्ष दिलंत. तुमचे उपकार या जन्मात फिटणार नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. असू द्यात माझ्या अंगावर.

आता बाकीची आभाराची यादी... थांबा. सूत्रसंचालिकेकडून चिठ्ठी आली आहे. वेळ संपल्याची असणार. वाचतो. मोठ्यानं वाचा म्हणते आहे.

'पप्पा, मला जे समजलं ते माझ्या शब्दांत. पेढ्यांमुळं झालं नव्हतं. तुम्हाला विचारायची लाज वाटली होती, आणि नंतर सांगायची भीती. बराबर आहे का? राग आलाय, तो घरी काढीन. सुई घेतली आहे. नाश्त्याच्या बॉक्समधला पेढा माझा, आणि तुमचाही माझा. वेळ केव्हाच संपली.'

बराबर आहे, बाळा. बिलकुल बराबर आहे.

निवेदिताताई, दीनानाथराव, आणि आपण सगळ्यांनी मास्तराचं हे लांबलेलं बोलणं सोसलंत, मी मनापासून आभारी आहे. मंगल कार्यालयाच्या मालकांचे, मांडव आणि माइकवाल्यांचे, नाश्ता करणाऱ्या भगिनींचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मान राहिला असेल, तर पदरात घ्या. बाकीच्या चुकीची माफी जिच्याकडे मागायची होती, ती तिकडे कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत दुसरा पेढा उघडते आहे. सिस्टर, वही द्या.

आणि कृपा करून कुणी हात जोडू नका. टाळ्या चालतील.