हम्मामच्या दारावरचा पंचा

...आणि वर लोक मलाच अदबीने 'सी' लावून विचारतात, "सी लमीन, पंचा लावला कुणी?" अहो, मी लावला का? मी तर महापौरांना आणायला गेलो होतो! इस्त्रीचा कोट घालून, कानामागे मोगऱ्याचा गुच्छ खोचून! तुम्हाला सांगतो, त्या सकाळपर्यंत सगळं माझ्या मुठीत होतं. सगळं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही त्या हम्मादीसारखे फिदीफिदी हसत बसाल. हम्मादी म्हणजे आमच्या समोरचा कॅफेवाला, दुसऱ्याची फजिती झाली की चहात साखर घालायची गरज नाही याला! तर आमचा हम्माम, सगळ्या गल्लीचं न्हाणीघर. बिझर्टच्या जुन्या बंदरामागे, पणजोबांच्या पणजोबांपासूनचा, वर घुमट, घुमटाला काचेची भोकं, त्यातून उजेड असा पडतो की उघड्या अंगाचा माणूससुद्धा राजबिंडा दिसावा! पण घरोघरी नळाला गरम पाणी आलं, वडील गेले, आणि भट्टी विझली ती विझलीच. वाटणीत दोन हिस्से माझे, एक हिस्सा थोरल्या बहिणीचा, सालूहाचा. दगडविटांचे हो. जिभेची वाटणी केली तर तिन्ही हिस्से तिचे.

तिला हम्माम विकायचा होता. हॉटेलवाला तयारच बसलेला. मी म्हटलं, ताई, नाही! मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, इथे कलाकेंद्र होणार! भिंतींवर चित्रं, घुमटाखाली गाणं, दार सगळ्यांना उघडं, तिकीट नाही! तर ती काय म्हणाली? तिच्या आधी तिच्या बांगड्या बोलतात, छन्! आणि मग ती... "लमीन, तुझी चित्रं बघायला राजधानीतून चार टाळकी येतील चष्मे लावून, आणि आपल्या गल्लीतलं मांजर फिरकणार नाही! बोल, लावतोस पैज? उद्घाटनाला गल्लीतली माणसं आपल्या पायांनी आली तर मी तुझ्या कलाकेंद्राला सही देते. नाही आली तर दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याला!" मी म्हटलं, मंजूर! का नाही म्हणू? सगळं माझ्या मुठीत होतं ना!

मग लागलो कामाला. गरम खोलीतली काजळी खरवडली, ओलीने फुगलेला गिलावा उतरवला, संगमरवरी ओटे घासले, कपडे काढायच्या दालनात चित्रं, गरम खोलीत चित्रं, आणि जिथे अंग चोळून मळ काढायचे तिथे माझं आवडतं, एक मोठं निळं चित्र. हाताशी माझी जुनी विद्यार्थिनी युस्र, गुणी पोरगी, पण राजधानीतल्या फ्लॅटात वाढलेली, न्हाणीघराला आतून कडी, हम्मामच्या रीती तिला काय ठाऊक! तिने काय केलं, हम्मामचे जुने पंचे माळ्यावरून काढले, लाल पट्ट्यांचे, धुतले, एकाला एक शिवले आणि माझ्यापुढे जमिनीवर पसरून म्हणाली, "सर, हाही एक कलाविष्कारच!" मी म्हटलं, वा! सुंदर! कुठे लावणार, हे विचारलं का मी? नाही विचारलं! जमिनीवर पसरलेली वस्तू माणूस जमिनीवरचीच समजतो ना?

आता मला सांगा, हम्मामच्या दारावर पंचा टांगला म्हणजे काय? शेंबड्या पोराला विचारा! पंचा आहे, आत बायका. पंचा नाही, पुरुषांनी यावं. त्याला ना पाटी लागते ना घड्याळ. भूकंप होऊ दे, आग लागू दे, पंचा दिसला की पुरुषाचा पाय उंबऱ्याअलीकडे थिजणार! आणि मी महापौरांना घेऊन वाजतगाजत गल्लीत शिरतो, समोर बघतो तर... दारावर पंचा! एक नाही, शिवलेले सगळे! वरपासून खालपर्यंत!

महापौर थांबले. बँडवाले थांबले. राजधानीचे चष्मेवाले, त्यांनीही माना खाली घातल्या! महापौर हळूच, "सी लमीन, आत बायका आहेत."

"नाहीत साहेब, आत चित्रं आहेत."

"पंचा आहे."

"पंचा हेच चित्र आहे, साहेब!"

"असेल. पण आहे तर पंचाच ना?" आणि हा माणूस निवडणुकीत कुणाला घाबरला नाही हो!

हम्मादी तिकडून ओरडतोय, "अरे काढ ना तो, संचालक तू आहेस!" मी छाती काढून पुढे गेलो. दोन पावलं. तिसरं पाऊल काही उचलेना! लहानपणी आईबरोबर आत जायचो, एक दिवस लल्ला मन्नाना म्हणून शेजारीण आहे, तिने माझा कान धरून मला या दाराबाहेर काढलं होतं, "याचे डोळे मोठे झाले, उद्यापासून याला बापाबरोबर पाठवा!" तो कान त्या क्षणी गरम झाला, शपथेवर सांगतो.

आणि तेवढ्यात वरून, गच्चीवरून, त्याच लल्ला मन्नानाचा आवाज! म्हातारी झाली, पण आवाज? बंदरातल्या बोटी वळतील असा! "बायांनो! पंचा लागला गं! हम्माम उघडला!"

झालं! या गच्चीवरून त्या गच्चीवर, त्या गच्चीवरून पलीकडे... आणि निघाल्या की हो! बादल्या घेऊन, अंग चोळायचे हातमोजे घेऊन, केसांना लावायची माती, खायला संत्री, लेकीसुना! महापौरांना बाजूला सारत, "सरका साहेब, सरका, इथे काय उभे राहता, शोभतं का?" करत सगळ्या पंच्याआड! शेवटी कोण? छन् छन्! सालूहा! माझ्याकडे बघितलंही नाही!

आता गंमत बघा, आता खरंच आत बायका होत्या! आता तो पंचा काढायची कुणाच्या बापाची टाप होती? फीत कापायची तर फीत आत. माईक आत. खजूर भरलेल्या मकरूदच्या मिठाईची ताटं आत. महापौरांनी हम्मादीच्या कॅफेत खुर्चीवर उभं राहून भाषण केलं, 'या भव्य दालनात' म्हणताना हात केला तो हम्मादीच्या मोरीकडे! सगळं माझ्या मुठीत होतं हो, फक्त मूठ बाहेर होती.

आणि आत? आधी गलका, "गरम पाणी कुठाय?" मग युस्रचा बारीक आवाज. मग एकदम शांतता. मी हम्मादीला म्हटलं, संपलं, आता बादल्या फेकणार, चित्रं फाडणार, उद्या हॉटेल! खोटं कशाला बोलू? सबंध हम्माम डोळ्यांपुढून गेला, वडील डोळ्यांपुढे आले. मग हशा आला. मग गाणं. मग मकरूद संपल्याची ओरड.

संध्याकाळी बाहेर आल्या. लल्ला मन्नाना माझ्यापुढे उभी राहिली. मी कान झाकला. ती म्हणाली, "लमीन, ती दुसऱ्या खोलीतल्या चित्रातली बोट खोटी आहे, असली बोट बंदराबाहेर पडायच्या आधी बुडेल. पण ते निळं आहे ना... त्याच्यापुढे मी रडले रे. बऱ्याच दिवसांत निवांत रडले नव्हते. घरात कुठे रडणार? बसलं की कुणीतरी चहा मागतं." तुम्हाला सांगतो, मी कानावरचा हात काढला.

मागून सालूहा आली. कागद मागितला, हम्मादीच्याच टेबलावर सही ठोकली. "गल्ली आली, आपल्या पायांनी आली. तू जिंकलास!" मी म्हटलं, "बघ! सांगत नव्हतो? सगळं माझ्या मुठीत..." "पण पंचा राहील," ती म्हणाली.

"राहील म्हणजे? आणि पुरुषांनी कुठे जायचं?"

"हम्मादीच्या कॅफेत. सकाळपासून रात्रीपर्यंत बसता तिथे, कुणी उठवलं का कधी? आम्हाला हा हम्माम होता, तोही गेला होता."

मी सहीचा कागद घडी करून खिशात घातला. तेव्हापासून रोज नुसती गर्दी, चित्रं बदलतात, गाणी बदलतात, युस्र सांगते ते ऐकतो. पुरुषांची वेळ ठरवायला कमिटी नेमली आहे, मी तिचा अध्यक्ष. बैठक दर आठवड्याला असते. आत असते!

परवा सागरापलीकडून एक मोठा चित्रकार आला, म्हणाला, "संचालकसाहेब, तुमचं कलाकेंद्र बघायला मुद्दाम आलोय." काय करणार? हम्मादीकडे बसवलं, चहा पाजला, बोट करून दाखवलं... "तो पंचा दिसतो ना? त्याच्यामागे आहे. फार सुंदर झालंय म्हणतात."