फट बुजवणारा चोर

झेंडूची रिकामी पाटी. टोमॅटोतली अळी. मुद्दाम उघडा ठेवलेला कॉम्प्युटर.

२००४ साल होतं. नाशिकहून दिंडोरीला निघालेल्या बसमध्ये फुलवाल्या नवसाबाईंच्या पुढच्या सीटवर तृप्ती आणि तिचे मामा बोलत बसले होते.

"त्या उघड्या ठेवलेल्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या पतसंस्थेचं खरं काहीच नाही, मामा. इंटरनेटवरून चोर आत येतो, काय काय करतो ते मी बघते."

"म्हणजे आमच्या टोमॅटोतला कामगंध सापळा. मादीच्या वासाने पतंग अडकले की समजायचं, अळी येणार."

"तसंच. पण हा पतंग भारी निघाला. आत आला आणि ज्या फटीतून आला, ती आधी बुजवली."

"का गं?"

"दुसरा चोर शिरू नये म्हणून. इतकं नीटनेटकं काम आमच्याकडे कुणी करत नाही."

"त्यालाच ठेवा मग नोकरीवर."

"माझीच राहते का बघा. साहेब म्हणतात, चोराचा पाहुणचार पुरे. उद्या विचारणार आहेत, यातून मिळालं काय."

"काय सांगशील?"

"खऱ्या कॉम्प्युटरलाही तीच फट होती."

"अगं पोरी," मागून नवसाबाई म्हणाल्या, "माझं खातं हाय ना तिथं."

ती फट तृप्तीने सोमवारीच बुजवली होती, चोराने बुजवली होती अगदी तशीच.