फुलदाणीवाल्याला फुलं दाखवली त्याची गोष्ट

...नाही, पण मी म्हणतो, फूल कुठंय? तुम्हाला सांगतो, आमच्या धाकट्या लेकीनं प्रदर्शनात नेऊन अर्धा तास एका फुलांच्या चित्रासमोर उभं केलं मला, जवळ गेलं की नुसते रंगाचे फराटे, मागं सरकलं की मागच्याच्या पायावर पाय! आणि तिथं चित्रं समजावून सांगणाऱ्या एक बाई, डोळे मिटून म्हणतात, "काका, हे फूल नाहीच... फुलावरून सरकणारा क्षण आहे!" अहो, क्षण आहे तर फुलदाणी कशाला? ती मात्र कळली बरं का मला! शाळा चौथीत सुटली, पण चाळीस वर्षं काचसामानाचं दुकान चालवलंय. म्हटलं, "बाई, फुलदाणी गळकी आहे. म्हणून खाली बशी ठेवलीय." खाडकन डोळे उघडले बाईंचे! पण फूल कुठंय?

धाकटी हसली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, आई दुकानात गल्ल्यावर फुलं ठेवायची, ती कुठली हो? मला तिचं चित्र काढायचंय, आणि मला काही म्हणता काही आठवत नाही."

घ्या! आमची ही जाऊन बारा वर्षं झाली. गल्ल्यावर तीच बसायची. रोज सकाळी तडा गेलेला, न खपणारा नग हुडकायची आणि त्यात फुलं खोचायची. मी ओरडायचो, "अगं, मालाला जागा नाही इथं!" ती म्हणायची, "माल पळून जात नाही, जरा इकडे बघा की!" बघतोय कोण? कान तुटलेली निळी सुरई, तोंडाशी टवका उडालेला उंच पेला... नगन् नग पाठ आहे मला. पण फूल कुठंय? आठवायला गेलो, तर नुसतं पांढरं, पिवळं, कुठंतरी लाल... आणि त्यामागं तिचं हलणारं तोंड. पोरीला तेच सांगितलं. लाज वाटली हो.

महिन्यानं तिनं चित्र आणलं. फराटेच! पांढरे, पिवळे, लाल... आणि मागं, अहो, तीच! नाक नाही, डोळे नाहीत, पण तीच, मला काहीतरी सुनावणारी! फूल कुठंय हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही. चहा गार झाला.

फक्त फुलदाणी... काय सांगू तुम्हाला, अख्खी, चकचकीत, पहिल्या प्रतीची! तसला नग हिच्या आईनं फुलांसाठी कधी काढला असता? दुसऱ्या कुणाचा माल असता तर तिथल्या तिथं परत केला असता. पण ही कारागीर आईवर गेलीय हो... खोट काढली, तर चित्र राहील घरात आणि परत पाठवील ती मलाच!