चिमणीने दार लवकर उघडलं

चिमणी-कावळ्याची गोष्ट न आवडणारं माणूस तुम्ही पाहिलं नसेल, तर मला बघून घ्या. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दारात भिजत उभा राहतो आणि ही आतून एकेक सबब सांगत बसते. यात गोड काय आहे?

२०१६ साली मी कैनाड गावच्या शाळेत शिकवत होते. गॅदरिंगला नेमकी हीच गोष्ट माझ्या वर्गाच्या वाट्याला आली. म्हटलं, मुलांना जरा माणुसकी शिकवू. कावळा झालेल्या सुनीताने पुठ्ठ्याचं दार वाजवलं. चिमणीने लगेच उघडलं, "ये गं, शेकत बस" म्हणाली, दोघी आत गेल्या आणि मी पडदा पाडला.

एकही टाळी पडली नाही. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "बाई, मुली पुढचं विसरल्या का?"

"नाही सर, एवढंच आहे."

तेवढ्यात सुनीताची आई उठून थेट स्टेजपाशी आली. पोरीला बघायला ती कामावर न जाता आली होती, शेजारणींनाही घेऊन आली होती.

"बाई, माझी पोर आता कुठे दिसली, तर लगेच आत घेतली? तिला बाहेर काढा आणि दार लावा."

मी पडदा वर केला, सुनीताला बाहेर काढलं आणि दार लावलं. चिमणीने मला न विचारताच नेहमीच्या सबबी सुरू केल्या. सुनीता बाहेर अशी काही कुडकुडली की तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक खूश होते. चिमणीच्या सबबी संपत आल्या, तेव्हा आतून तिला नव्या सबबी मीच पुरवल्या.