तांदळाच्या दाण्यानं निवडलेलं तेल

अक्कल कशाला म्हणतात ते मी गोंदियातल्या एका राईस मिलच्या सोमा मिस्त्रीकडे पाहिलं. मी तेव्हा केशोरी गावच्या मालकांचा ड्रायव्हर होतो. गाडी अमेरिकन, क्लच नाही, गिअर आपोआप बदलायचे. गोंदियात पाइप फुटला आणि गिअरच्या डब्यातलं बरंचसं तेल रस्त्यावर गेलं. चार दिवसांवर मालकांच्या मुलीचं लग्न होतं.

मालक म्हणाले, "इंजिनचंच तेल टाक ना."

सोमा म्हणाला, "डबा जळंल, मालक. कायले घाई करून राहिले?"

त्यानं पाइप सांधला, डब्यात उरलेलं तेल एका शिशीत भरलं आणि तांदळाचा दाणा सोडला. दाणा झरकन तळाला गेला. तशाच दुसऱ्या शिशीत इंजिनचं तेल घेतलं, तर दाणा रेंगाळत उतरला. "पाहा, हे जाड आहे," म्हणाला. मग भरलेली शिशी, तेवढीच एक रिकामी आणि पुडीत मूठभर तांदूळ देऊन मला नागपूरला पाठवलं.

तिथल्या दुकानदारानं तीन डबे समोर ठेवले. यातलं कोणतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी पुडी सोडली तेव्हा तो हसला. तिसऱ्या तेलात मात्र दोन्ही शिश्यांतले दाणे एकदमच तळाला टेकले.

त्याच तेलावर गाडी लग्नात धावली, पुढंही कधी अडली नाही.

दुकानदारानं विचारलं होतं, "हा मिस्त्री शिकला कुठं?"

"धानाच्या मिलमध्ये."

डबा उचलून मी निघालो, तर तो हळूच म्हणाला, "भाऊ, उरलेले तांदूळ इथंच ठेवून जा."