शेवग्याचा पाला

(नाशिक. दवाखान्याच्या जिन्याखालचा बाक. चतुराबाईच्या मांडीवर डबा, शेजारी तिची लेक.)

चतुराबाई : मग डॉक्टर जेवणाचंच का इचारत व्हते? मी डबा आणलाय म्हणावं. शेवग्याचा पाला हाय.

रोहिणी : आई, अण्णांना गिळता येत नाहीये. नळीतून देतायत.

चतुराबाई : उद्या देऊ. नांदगावहून येताना पिशवीभर तोडून आणलाय.

रोहिणी : रोज करत होतीस?

चतुराबाई : दोन महिने झाले, एक दिस खाडा नाय. तूच गोळ्यांची चिठ्ठी वाचली ना? म्हणली, ही रक्त पातळ करायची. काळजाची झडप बदललेला माणूस, त्याचं रक्त आणखी पातळ करायचं? तुझ्या बाळंतपणात ह्याच पाल्यानं तुझं रक्त वाढलं व्हतं.

रोहिणी : ते पातळच ठेवायचं होतं गं. नव्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ती गोळी. पालेभाजीत रक्त गोठवणारं जीवनसत्त्व असतं. रोज थोडी, सारखी खाल्ली तर चालते. एकदम वाढवली की गोळीचं काही चालत नाही.

चतुराबाई : मग?

रोहिणी : गुठळी झाली. डोक्यात गेली. म्हणून उजवी बाजू गेली, वाचा गेली.

चतुराबाई : म्हंजी मी केलं.

रोहिणी : नाही. चिठ्ठी मी वाचली, मीच डॉक्टरांना नीट विचारून तुला सांगायला हवं होतं. मलाही ठाऊक नव्हतं.

चतुराबाई : यांना ठाऊक व्हतं?

रोहिणी : तू सकाळपासून उपाशी आहेस. चहा आणू?

चतुराबाई : रोहिणी, माझ्याकडं बघ.

रोहिणी : हो, होतं. मागच्या तपासणीला रंगनाथकाका बरोबर होते, तेच आत्ता म्हणाले. पाला एकदम वाढवू नका, डॉक्टरांनी बजावलं होतं.

चतुराबाई : मग बोलले का नाय मला?

रोहिणी : येताना अण्णा काकांना म्हणाले, "सकाळी शिडी लावून तोडती, मग निवडत बसती. तिला कुठं नको म्हणू?"

चतुराबाई : असं म्हणले?

रोहिणी : हो.

चतुराबाई : चाळीस वर्सं माझ्या भाजीला नावं ठिवली. मीठ जास्ती, तेल कमी. लय वेळा ताट सारून उठले.

रोहिणी : आई...

चतुराबाई : अन् हीच तेवढी मुकाट्यानं खाल्ली.