मोरपंखीवरच्या गाठी

हसणार नसाल तर सांगते. ऐंशी सालच्या आसपास मी बेलापूरच्या एका नर्सरीत नुकतीच नोकरीला लागले होते, आणि पहिल्याच आठवड्यात दोनशे रोपं जाळायला निघाले होते. मोरपंखीच्या रोपांवर निळसर, शिंगं फुटल्यासारख्या गाठी दिसल्या. कॉलेजात शिकले होते, फांदीत कीड शिरली की अशीच गाठ धरते. त्यात रोपांना पाणी घालणाऱ्या, जवळच्या दिवाळे गावच्या हिरामावशी मला बघताच काहीतरी पदरात लपवायच्या. माझा संशय पक्का झाला. सरळ साहेबांना सांगितलं.

साहेब म्हणाले, "एक गाठ कापून खात्री करा, मग सगळी जाळा."

मावशी रडकुंडीला आल्या. "तीन वरसं वाढवलीत मी! काप, बघू दे तुझी कीड."

"तुम्हीच कापा," म्हणत मी दोन पावलं मागे सरले. अळी अंगावर उडाली तर?

मावशींनी नखाने गाठ फोडली. आत गव्हाएवढ्या बिया! मग त्यांनी पदर सोडला, तर त्यातही तीच फळं. "दारात लावाया नेत होते गं चार."

तेवढ्यात साहेबांनी लांबून विचारलं, "काय, निघाली का अळी?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी ओरडल्या, "नाय सायब! निघाली असती तर बायची बोंब तुमाला तिथं आयकू आली असती."